चौदाचा शनिवार सोडा, दहाचा मंगळवार धरा

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुण्याहून जपानला चाललोय. माझा धाकटा भाऊ टोकियोत निशी-कासाईला राहतो, त्याच्याकडेच उतरणार. मी, नवरा, अकरा वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा आणि माझी आई. आईचं वय सत्तर, गुडघे दुखतात. मुलीला टोकियो डिस्नी या थीम पार्कमधला ‘फ्रोझन’ सिनेमावरचा नवा भाग बघायचाय. भाऊ म्हणतो, १४ नोव्हेंबरला शनिवार आहे, मला सुट्टी असते, तेव्हा नेतो. नवऱ्याचं म्हणणं, २०२७ मध्ये तिथे स्पेस माउंटन ही राइड नव्यानं उघडणार आहे, मग एवढा खर्च आत्ता कशाला, थेट तेव्हाच जाऊ. गर्दीचा अंदाज सांगणाऱ्या साइट्स बघितल्या, तर एकीवर जो दिवस लाल तोच दुसरीवर पिवळा. रांग टाळायला वेगळे पैसे भरावे लागतात असंही ऐकलं. ते भरावेत का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : नमस्कार. आधी भावाचं बघू, कारण त्याच्या प्रेमळ बेतामुळेच तुमचा दिवस सगळ्यात जास्त वाया जाण्याची शक्यता आहे.

टोकियो डिस्नीची गर्दी मुख्यतः जपानी माणसांची असते. परदेशी पाहुणे वाढलेत हे खरं, पण रांगा लांबवतात त्या टोकियो आणि आसपासच्या प्रांतांतल्या शाळकरी, कॉलेजातल्या मुली आणि लहान मुलांची कुटुंबं. म्हणून तिथला दिवस निवडताना आपल्या कॅलेंडरला फारसा अर्थ नसतो. त्यांच्या शाळा कधी बंद आहेत, हे बघायचं. शनिवारी त्या बंद असतातच. शिवाय जपानमधल्या काही प्रांतांचे स्वतःचे दिवस असतात, आपला १ मे असतो तसे, आणि त्या दिवशी तिथल्या बहुतेक सरकारी शाळांना सुट्टी असते. आपल्या बालदिनाला, १४ नोव्हेंबरला, सायतामा प्रांताचा दिवस. त्याच्या आदल्या दिवशी, १३ तारखेला, इबाराकीचा. डिस्नीच्या नेहमीच्या जपानी पाहुण्यांना या तारखा पाठ असतात आणि ते त्या दिवशी घरी बसतात.

२०२६ मध्ये सायतामाचा दिवस शनिवारीच आल्यामुळे वेगळी सुट्टी मिळणार नाही. पण इबाराकीचा शुक्रवारी येतोय. म्हणजे तिकडच्या मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार अशी सलग तीन दिवसांची सुट्टी. तेव्हा १३, १४ आणि १५ तिन्ही तारखांवर काट मारा. ३ नोव्हेंबर आणि २३ नोव्हेंबर या तिथल्या राष्ट्रीय सुट्ट्या. त्याही नकोत.

मग उरतं काय? तुमच्या सुदैवानं बरंच काही. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी आहे. १० तारखेचा मंगळवार म्हणजे पाडवा, ११ चा बुधवार म्हणजे भाऊबीज. डिस्नीतला हॅलोवीनचा उत्सव ३१ ऑक्टोबरला संपतो आणि नाताळचा नोव्हेंबरच्या मध्याच्या सुमाराला सुरू होतो. या दोन उत्सवांच्या मधली फट जाणकार लोक मुद्दाम धरून ठेवतात, कारण खास मिरवणूक बघायला येणारे हौशी तेव्हा नसतात. ती फट यंदा जवळजवळ आपल्या दिवाळीवर येऊन बसली आहे. माझी पहिली पसंती १० चा मंगळवार, दुसरी १२ चा गुरुवार. भाऊबीज मात्र निशी-कासाईला भावाच्या घरी करा, त्या दिवशी कुठेही जाऊ नका. नोव्हेंबरात पार्क रिकामं मिळेल असं मी म्हणत नाही. हवा छान असते, शाळांच्या सहलीही येतात. पण मंगळवारची चाळीस मिनिटांची रांग आणि शनिवारची दीड-दोन तासांची रांग यात पाच वर्षांच्या मुलाचा मूड आणि आईचे गुडघे, दोन्ही पणाला लागतात.

भावाला सांगा, शनिवारी तू आम्हाला दुसरीकडे ने आणि मंगळवारी जमलं तर रजा टाक. नाहीच जमली, तर निशी-कासाईहून डिस्नीचं स्टेशन माइहामा अगदी जवळ आहे. तो सकाळी सोडून ऑफिसला जाऊ शकेल. सगळं काही जपानी भाषेवर अडत नाही, डिस्नीचं ॲप इंग्रजीतही चालतं.

आता नवऱ्याचा मुद्दा. त्यात एक गफलत आहे, ती आधी दूर करते. टोकियोत डिस्नीची दोन वेगळी पार्कं शेजारी शेजारी आहेत. टोकियो डिस्नीलँड १९८३ मध्ये उघडलं, टोकियो डिस्नीसी २००१ मध्ये. एक दिवसाच्या साध्या तिकिटात एकच पार्क बघता येतं. तुमच्या मुलीला हवा असलेला ‘फ्रोझन’चा भाग डिस्नीसीत आहे. स्पेस माउंटन डिस्नीलँडमध्ये होतं. ३१ जुलै २०२४ ला ते बंद झालं आणि २०२७ मध्ये नव्यानं बांधून उघडायचं ठरलं आहे. म्हणजे नव्या स्पेस माउंटनसाठी एक वर्ष थांबलात, तरी मुलीच्या फ्रोझनसाठी दुसऱ्या पार्कचं दुसरं तिकीट काढावंच लागणार.

आणि थांबून मिळणार काय? उघडल्यानंतरची सगळ्यात वाईट गर्दी. थीम पार्कमधली नवी राइड पहिले काही महिने तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात लांब रांगा बघते आणि त्याच महिन्यांत ती सगळ्यात जास्त वेळा बंद पडते, कारण यंत्र अजून बसायचं असतं. अमेरिकेत ऑरलँडोच्या युनिव्हर्सल पार्कमध्ये जून २०१९ मध्ये हॅरी पॉटरमधल्या हॅग्रिडची मोटारसायकलवाली राइड उघडली, तेव्हा पहिल्या दिवशी लोक दहा-दहा तास रांगेत उभे होते. त्यातच वीज चमकली की बंद, बिघाड झाला की बंद. याला उलटं उदाहरणही आहे, ते सांगितलं नाही तर अन्याय होईल. त्याच उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाच्या डिस्नीलँडमध्ये स्टार वॉर्सचा मोठा भाग उघडला. भयंकर गर्दी होणार या धास्तीनंच इतके लोक घरी राहिले की उन्हाळा अपेक्षेपेक्षा शांत गेला. पण अशा अपवादावर पाच जणांच्या विमान तिकिटांचा जुगार कुणी खेळू नये.

माझ्या मते नवीन काही उघडलं की ते दुसऱ्या वर्षी किंवा त्याही नंतर बघावं. तुमच्या मुलीचा फ्रोझनचा भाग नेमका त्या टप्प्यावर आहे. फँटसी स्प्रिंग्ज नावाचा हा विभाग ६ जून २०२४ ला उघडला. त्यात फ्रोझन, रॅपन्झेल आणि पीटर पॅन असे तीन भाग आहेत आणि मिळून चार राइड. सुरुवातीला तिथे नुसतं पाऊल ठेवायलाही वेगळा पास लागायचा. पहाटेपासून गेटवर उभं राहून तो मिळाला नाही म्हणून हिरमुसून परतणारी कुटुंबं तेव्हा पुष्कळ होती. १ एप्रिल २०२५ पासून ती अट गेली. आता डिस्नीसीचं तिकीट असलेलं कुणीही त्या विभागात हवं तेव्हा फिरू शकतं. राइडला रांग आहेच, पण एल्साचा महाल, बर्फाचे डोंगर, रॅपन्झेलचा मनोरा हे बघायला रांग नाही. पंढरपूरला मुखदर्शन आणि पदस्पर्शाची रांग वेगळी असते, तसंच समजा. आईचं मुखदर्शन झालं तरी ती खूश होईल, पदस्पर्शाला मुलांना पाठवा.

अंदाजाच्या साइट्सकडे वळते. त्या वाईट नसतात. गेल्या वर्षांचे आकडे, शाळांच्या सुट्ट्या, वार आणि हवामान एकत्र करून त्या रंग देतात. प्रत्येकीची मोजपट्टी वेगळी, म्हणून एकीचा लाल दुसरीचा पिवळा होतो. दोन्हींवर लाल असलेला दिवस टाळा, बाकी भांडत बसू नका. त्याहून विश्वासू अंदाज डिस्नी स्वतःच देते, तो म्हणजे तिकिटाचा भाव. डिस्नीसीचं मोठ्यांचं एक दिवसाचं तिकीट तारखेप्रमाणे ७,९०० ते १०,९०० येन असतं. ज्या दिवशी गर्दी होणार असं कंपनीला वाटतं, त्या दिवशी भाव चढा. तिकिटांच्या कॅलेंडरवर ओळीनं तारखा बघितल्या की कंपनीचं मत तुम्हाला फुकटात कळतं. स्वस्त दिवशी गर्दीही कमी आणि पैसेही वाचतात, असा दुहेरी फायदा सहसा कुठे मिळत नाही.

आणखी एक गोष्ट घरबसल्या करता येते. अधिकृत ॲपवर प्रत्येक राइडच्या रांगेचा त्या क्षणाचा वेळ दिसतो आणि तो कोथरूडमधूनही दिसतो. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. सकाळी साडेआठला चहा घेताना ॲप उघडलंत, की तिथली दुपारी बाराची रांग दिसेल. दुपारी अडीचला तिथले संध्याकाळचे सहा. ऑक्टोबरातल्या दोन-तीन मंगळवारी आणि एका शनिवारी हे बघून ठेवा. कुठली राइड दिवसभर तुंबते आणि कुठली संध्याकाळी मोकळी होते, हे कुणाच्या सांगण्याशिवाय कळेल. भावाला पटवायलाही हेच आकडे दाखवा.

पैसे भरून रांग टाळण्याबद्दल. याला डिस्नी प्रीमियर ॲक्सेस म्हणतात. एका माणसाचे एका राइडला १,५०० ते २,००० येन. तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना लागत नाही, तुमच्या पाच वर्षांच्याला लागेल. पाच जणांनी फ्रोझनसाठी घेतलं तर १०,००० येनपर्यंत, म्हणजे सहा हजार रुपयांच्या आसपास. सगळ्या राइडसाठी घेत सुटलात तर दिवाळीचा बोनस संपेल. तुमच्या घरात मी एकाच राइडसाठी घेईन : फ्रोझन. तीच मुलीची इच्छा आणि तिचीच रांग लांब. पाडव्याच्या दिवशी जाताय, तेव्हा ओवाळणी म्हणून नवऱ्यानं ते पैसे भरावेत आणि २०२७ चा विषय बंद करावा.

हा ॲक्सेस आधीपासून पुण्यात बसून घेता येत नाही. पार्कात शिरल्यावरच ॲपमधून मिळतो आणि सकाळीच वेळा संपू लागतात. म्हणून तयारी आधी हवी. सगळ्यांची तिकिटं एकाच फोनच्या ॲपमध्ये भरून ठेवा. कार्डावरचे परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून चालू करा, आपल्याकडच्या कार्डांवर ते बहुधा बंद असतात. आणि ज्या नंबरवर ओटीपी येतो ते भारतीय सिम फोनमध्ये चालू ठेवा, रोमिंगवर मेसेज येतो का ते तिथे पोचल्यावर पहिल्याच दिवशी तपासा. गेटच्या आत उभं राहून ओटीपीची वाट बघत असताना समोर फ्रोझनच्या वेळा एकेक करून जाताना बघणं फार त्रासाचं असतं. भावाचं जपानी कार्ड ॲपमध्ये घालता आलं तर सगळ्यात सोपं. हिशेब नंतर करा, भाऊबीज आहेच. काही राइडना रांग कमी करणारा फुकटचा प्रायॉरिटी पासही मिळतो. त्या दिवशी कुठल्या राइड त्यात आहेत ते ॲपवर बघून फ्रोझनच्या पाठोपाठ लगेच तोही घ्या.

सकाळ मात्र खरोखर सकाळ हवी. पार्क बहुधा नऊला उघडतं असं छापलेलं असतं, पण गर्दी असली की गेट त्याआधीच उघडतात. पावणेआठपर्यंत गेटवर असा. डिस्नीच्या हॉटेलात राहणाऱ्यांना पंधरा मिनिटं आधी सोडतात. तेवढ्यासाठी भावाचं घर सोडून हॉटेल घ्यायला मी तरी सांगणार नाही.

आत गेल्यावर लोक पळत सुटतात. तुम्ही पळू नका. फँटसी स्प्रिंग्ज पार्कच्या अगदी मागच्या बाजूला आहे आणि त्या धावपळीत सत्तर वर्षांच्या बाईंना ओढणं बरोबर नाही. एकानं चालता चालता फोनवर ॲक्सेस घ्यायचा, बाकीच्यांनी शांतपणे पीटर पॅनच्या राइडकडे जायचं. तिला उंचीची अट १०२ सेंटिमीटर आहे. मुलाला निघण्याआधी घरी भिंतीला उभं करून मोजा, बुटांशिवाय. १०२ च्या वर असेल तर पीटर पॅन आणि सोअरिंग ही उडण्याची राइड, दोन्ही जमतील. जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ आणि इंडियाना जोन्स या दोन्हींना ११७ लागतात. तिथे तो अडला तर मोठ्यांनी आळीपाळीनं बसायची सोय आहे. एक जण मुलाजवळ थांबतो, दुसरा बसून येतो आणि मग पहिल्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. राइडच्या दाराशी कर्मचाऱ्याला मुलगा दाखवून विचारा. फ्रोझन आणि रॅपन्झेल या होडीतल्या राइड, उंचीची अट नाही, आईही बसू शकेल. फ्रोझनमध्ये एक छोटी घसरण आहे, घाबरण्यासारखी नाही.

साडेदहा-अकरानंतर चारपर्यंतचा वेळ राइडसाठी वाईट. तेव्हा रांगेच्या मागे लागू नका. डिस्नीसीत पाण्यावर फिरणाऱ्या आगबोटी आहेत. पार्कच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला बसून जाता येतं आणि आईला त्या राइडपेक्षा जास्त आवडतील असा माझा अंदाज आहे. व्हीलचेअर भाड्यानं मिळते. ती घ्यायला आई नको म्हणेल. घ्या. दिवसभरात किती चालणं होतं ते संध्याकाळी कळतं आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

जेवणाचं थोडक्यात. घरचा डबा आत नेता येत नाही. पण गेटबाहेर डबा खायला वेगळी जागा केलेली आहे आणि त्याच दिवशी बाहेर जाऊन परत आत येता येतं. दशम्या, चटणी, धपाटे तिथे खा. आत शाकाहारी दिसणाऱ्या पदार्थांतही माशाचा रस्सा असू शकतो, विचारून घ्या. पॉपकॉर्नच्या गाड्यांसमोर लांब रांगा दिसल्या तर चक्रावू नका. तिथे वेगवेगळ्या चवींचे पॉपकॉर्न, अगदी करीच्या चवीचेही, गळ्यात अडकवायच्या डब्यातून विकतात आणि जपानी लोक त्या डब्यांसाठी वेडे आहेत. तुमची मुलगीही होईल, तेवढे पैसे बाजूला ठेवा.

नोव्हेंबरच्या मध्यात टोकियोत साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. समुद्रावरून गार वारा येतो, पुण्याच्या दिवाळीतल्या स्वेटरवर भागणार नाही. पण डिस्नीसी खरं बघायचं ते दिवे लागल्यावरच, म्हणून दुपारी दमून घरी पळू नका. रात्री पार्कमधल्या बंदरात दिव्यांचा आणि पाण्याचा मोठा खेळ होतो. जपानी लोक त्याआधी कितीतरी वेळ चटया टाकून जागा धरतात. आईला नवऱ्याबरोबर तिथे बसवा आणि तुम्ही मुलांना घेऊन राइडकडे जा, कारण तासाभरासाठी निम्मं पार्क पाण्याकडे तोंड करून उभं असतं. बंद व्हायच्या शेवटच्या तासात रांगा आणखी घटतात. बंद व्हायच्या वेळेआधी जो रांगेत शिरला त्याला सहसा बसायला मिळतं, पण रांग फार वाढली असेल तर ती आधीच तोडतात, तेव्हा अगदी शेवटच्या मिनिटावर जाऊ नका.

ज्या वाचकांना दिवाळीत जमत नाही आणि मे महिन्यातच जायचं आहे, त्यांच्यासाठी दोन ओळी. २९ एप्रिल ते ५ मेच्या आसपास जपानचा गोल्डन वीक असतो, सगळा देश सुट्टीवर. आपली उन्हाळी सुट्टी बरोबर त्यावर आदळते आणि आपल्याकडच्या टूर कंपन्या नेमक्या तेव्हाच नेतात. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यापर्यंत बंद असतात, त्याचा फायदा घ्या. मेचा शेवटचा आठवडा किंवा जूनचे पहिले दोन-चार दिवस, मंगळवार ते गुरुवार. त्यानंतर तिथला पावसाळा लागतो आणि १५ जूनला चिबा प्रांताचा दिवस असतो. डिस्नी चिबातच आहे, तेव्हा गर्दीचं वेगळं सांगायला नको.

तुमच्याकडे परत येते. मुलीचा बारावा वाढदिवस १० नोव्हेंबरच्या आधी येत असेल तर तिला लहान मुलांचं तिकीट चालणार नाही, बारापासून वेगळं लागतं, तेवढं बघा. प्रवासाची तारीख पक्की करण्याआधी डिस्नीच्या संकेतस्थळावर दुरुस्तीसाठी बंद राइडची यादीही बघून घ्या, ती बरीच आधी लावलेली असते. फ्रोझन त्यात असेल तर मंगळवारही आपल्या कामाचा नाही. आणि तिकिटं दोन महिने आधी विक्रीला येतात, म्हणजे तुमची १० सप्टेंबरला. १४ सप्टेंबरला गणपती बसतायत. मोदकांच्या आणि मखराच्या गडबडीत राहून जाईल, म्हणून तारीख आत्ताच भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहून ठेवा.